संदेष्टा की ज्योतिषी? केडगावची १९०५ची साक्ष

प्रार्थनासभांतून, आणि आता मोबाइलच्या पडद्यावरूनही, 'प्रभूने तुझ्यासाठी मला एक वचन दिले आहे' असे म्हणत कोणाला नोकरी, कोणाला स्थळ, कोणाला परदेशी जाण्याचा योग सांगणारे संदेष्टे आज जागोजागी भेटतात. त्यांच्याकडे पाहून इतिहासाची आवड असलेले तरुण दोन निष्कर्ष काढून मोकळे होतात : एक तर हे सारे थोतांड आहे, किंवा ते अमेरिकेतून आयात झाले आहे. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत आणि त्यांचे उत्तर दौंड तालुक्यातच मिळते.

आयातीचे आधी पाहू. आधुनिक पेंटेकोस्टल चळवळीचा उगम म्हणून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचे नाव घेतले जाते. त्या सभा एप्रिल १९०६च्या. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, केडगावला, संजीवनाची लाट उसळली ती जून १९०५ अखेरीस. वेल्समधील संजीवनाच्या वार्तेने रमाबाईंना प्रेरणा दिली होती, हे खरे. जानेवारीपासून त्यांनी मुलींचे प्रार्थनागट उभे केले, आणि जूनपर्यंत शेकडो जणी दररोज एकत्र येऊ लागल्या. २९ जूनच्या पहाटे एका मुलीवर अग्नी उतरलेला पाहून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असे मिनी अब्रम्स यांच्या वृत्तांतात आहे. पापांची कबुली, दर्शने, स्वप्ने, संदेश हे सारे त्यानंतरचे. अब्रम्सबाईंची पुस्तिका पुढे चिलीपर्यंत पोहोचली आणि १९०९ साली तेथे पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली. निर्यात केडगावहूनही झाली, म्हणायचे!

आता थोतांडाविषयी. रमाबाई भोळ्या होत्या असे म्हणणाऱ्याने त्यांचे पूर्वायुष्य वाचावे. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. तीर्थे, व्रते, दाने यांत घरची पुंजी संपली आणि अपेक्षित फळ आले नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पोकळ आश्वासनाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

तरीही त्यांनी मुलींना गप्प केले नाही. या मुली कोण होत्या? दुष्काळातून वाचवून आणलेल्या अनाथ, बालविधवा, टाकून दिलेल्या. घरात, गावात, देवळात त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती. मोठमोठ्याने रडणे-प्रार्थणे हे पाश्चात्त्य शिस्तीला साजेसे नाही, अशी टीका झाली. तेव्हा हिंदी लोकांना देवाने जसे घडवले आहे तसेच संजीवन त्यांच्यात येऊ द्यावे, अशी रमाबाईंची भूमिका होती. दौंडला मुलांचे अनाथालय चालवणारे अल्बर्ट नॉर्टन यांनी तर इंग्रजी न येणारी मुलगी स्पष्ट इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचे लिहिले. त्यांच्या कानांची शहानिशा करीत बसणे मला निष्फळ वाटते. एक प्रौढ गोरा मिशनरी गुडघे टेकून केडगावच्या मुलीचे बोलणे ऐकत होता, एवढे मात्र निश्चित, आणि माझ्या लेखी इतिहास तिथे आहे.

मराठी बायबलच्या जुन्या भाषांतरातील 'भविष्यवादी' या शब्दाने आपली दिशाभूल केली; आजचा 'संदेष्टा' हा शब्द अधिक नेमका आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल सांगतो की दोघा-तिघांनी बोलावे आणि इतरांनी पारख करावी. म्हणजे संदेश हा मंडळीसमोर मांडायचा, तपासायचा. बंद खोलीत किंवा खाजगी निरोपात एकट्याला गाठून, दक्षिणेच्या अपेक्षेने सांगितलेले वचन म्हणजे पंचांग बदललेले ज्योतिष होय. रमाबाईंनी लाभ मोजला तो बदललेल्या वर्तनात, सेवेत. अन्य भाषा हीच आत्म्याची एकमेव खूण, हे त्यांनी मानले नाही.

मग व्यक्तिगत वाणीला मोलच नाही काय? आहे, पण तिचा हिशेब पुरा मांडावा लागतो. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक अनोळखी युरोपीय भेटला. त्याने नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. चमत्कार म्हणून ही कथा रंगवून सांगितली जाते, परंतु मधल्या काळात टिळकांनी केलेले वाचन आणि मनाशी चाललेला झगडा तितक्या उत्साहाने कोणी सांगत नाही. लक्ष्मीबाईंचे तर त्या डब्यात कोणी नावही घेतले नव्हते. वाणी एकाला झाली. वर्षानुवर्षांचा विरह आणि लोकनिंदा दुसरीच्या वाट्याला आली. त्यांनी १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही जातिभेद माणसाने निर्माण केला आहे हे स्वतःच्या विचाराने पटल्यावर. 'स्मृतिचित्रे' काढून तो भाग वाचा. त्यात कोणी अनोळखी प्रवासी नाही.