क्रॉफ्टर आणि कॉटर

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात व बेटांवर जमीनदाराच्या भूमीवर झोपडी बांधून राहणाऱ्यांना दोन नावे होती. ज्याच्याकडे खंडाने घेतलेला जमिनीचा लहान तुकडा असे तो ‘क्रॉफ्टर’ आणि तो तुकडा म्हणजे ‘क्रॉफ्ट’. ज्याच्यापाशी केवळ खोपट, फार तर परसात बटाट्याचा वाफा, तो ‘कॉटर’. पुष्कळदा हे दोघे सख्खे भाऊ असत!

भेद वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु 1886 साली ब्रिटिश पार्लमेंटने क्रॉफ्टरांचा कायदा केला, तेव्हा क्रॉफ्टराला वाजवी खंड, वहिवाटीची शाश्वती व ती वारसाकडे देण्याचा अधिकार मिळाला. कॉटराला काय मिळाले? जागेवरून हुसकावल्यास त्याने स्वतः केलेल्या कायम सुधारणांची भरपाई, एवढेच. ज्याची गरज अधिक, तोच वगळला गेला. माझ्या मते हा अन्याय व्याख्येतच दडलेला होता. कोणताही कायदा वाचताना आपल्या बांधवांनी कलमांआधी व्याख्या वाचाव्या, त्या याचसाठी.

कॉटर मात्र स्वस्थ बसले नाहीत. बॅरा व मिंगुले या बेटांवरील कॉटरांनी शेजारच्या वॅटरसे बेटावर परवानगीवाचून झोपड्या उभारल्या व बटाटे लावले. न्यायालयाची मनाई त्यांनी जुमानली नाही. 1908 साली त्यांपैकी दहा जणांना दोन महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. पुढल्याच वर्षी सरकारी मंडळाने ते बेट विकत घेतले, त्याचे क्रॉफ्ट पाडले, आणि कालचे घुसखोर दप्तरी क्रॉफ्टर म्हणून नोंदले गेले.