ओटीपी दिला नाही, तरी खाते उघडते कसे?

ओटीपी कुणाला सांगू नका, हे आता सगळ्यांना पाठ झाले आहे. पण ओटीपी लागतो तो लॉगिन करताना. त्यानंतर वेबसाइट ब्राउझरकडे एक छोटी नोंद ठेवते, तिला कुकी म्हणतात. डोलवीच्या पोलाद कारखान्यात पाळीला जाणाऱ्याचा गेटपास असतो, तसेच हे. फरक इतकाच की कुकीवर फोटो नसतो. ती ज्याच्या हाती, तो आत.

म्हणून एका साइटची कुकी दुसऱ्या साइटला दाखवायची नाही, हा ब्राउझरचा पहिला नियम. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये त्यावर ‘एचटीटीपी-ओन्ली’ची कडी घातली. ही खूण असलेली कुकी त्याच पानावरच्या स्क्रिप्टलाही वाचता येऊ नये, हा हेतू. तरी फट राहिलीच. फायरफॉक्समध्ये सर्व्हरच्या उत्तराचे हेडर वाचून स्क्रिप्टला ती कुकी मिळत होती. फेब्रुवारी २००९ मध्ये ३.०.६ आवृत्तीत हे थांबले.

मोबाइलवाल्यांसाठी महत्त्वाचे प्रकरण २०१४ चे. पाकिस्तानी संशोधक रफाय बलोच यांना अँड्रॉइड ४.४ पूर्वीच्या फोनमधल्या मूळ ब्राउझरमध्ये दोष सापडला. कोडमध्ये एक न दिसणारे अक्षर घातले की पहिला नियमच गळून पडायचा आणि भलत्या साइटला दुसऱ्या साइटची माहिती वाचता यायची. दुरुस्ती निघाली, पण फोनपर्यंत ती पोचवणे हँडसेट कंपन्यांच्या हाती होते. जानेवारी २०१५ मध्ये तर ४.३ आणि त्याआधीच्या वेबव्ह्यूसाठी आपण यापुढे दुरुस्त्या करणार नाही, असे गूगलने स्पष्ट केले.

खरी अडचण इथेच आहे. पेण-रोह्याकडे काय किंवा मुंबईत काय, मुलाने नवा फोन घेतला की जुना आईकडे जातो. फोन चालू असतो, अपडेट मात्र बंद. क्रोमची १३८ वी आवृत्ती अँड्रॉइड ८ आणि ९ साठी शेवटची ठरली. अशा फोनवर ईमेल महिनोन्‌महिने उघडाच राहतो, आणि बँकेचा पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येते!

दोष ग्राहकाच्या माथी मारणे सोपे आहे. पण खोक्यावर एमआरपी छापावी लागते, मग सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळतील ते का नको? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना ही मुदत जाहीर करावी लागते. आपल्याकडेही ती खोक्यावरच, मराठीत हवी.

तोवर आईच्या फोनच्या सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहा. दोन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनवरून ईमेल आणि बँक लॉगआउट करा. नुसता टॅब बंद करून कुकी रद्द होत नाही.