ठसक्याकडे बघा! जळगाव-धुळ्यातल्या घराघरांना जाहीर आवाहन



गेल्या रविवारी ज्येष्ठांसाठी एक आरोग्य शिबिर झालं. साखर तपासली, बीपी पाहिलं, चष्मे वाटले, फोटो काढले. आमच्या संघाची एकच मागणी होती: गिळण्याचीही तपासणी करा. उत्तर मिळालं, "म्हातारपण आहे, ठसका लागायचाच." वर चार जण हसले. ते हसणं आम्हाला झोंबलं आहे, म्हणून हे पत्रक.

आमचे एक आप्पा, वय 78. लकव्यातून उठले. घरच्यांनी मायेने सगळं पातळ करून दिलं, वरणाचं पाणी, ताक, चहा, आणि तेही आडवं ठेवून चमच्याने. घोटाघोटाला ठसका, मग आवाज घरघरीत. सहा महिन्यांत तीनदा छाती भरली, तीनदा सलाईन लागलं. जेवण कसं जातं, हे एकदाही कुणी विचारलं नाही. चौथ्यांदा आप्पा घरी आलेच नाहीत. कागदावर लिहिलं, न्यूमोनिया.

पातळ म्हणजे सोपं, हा समज आधी डोक्यातून काढा. पाणी आणि चहा झरकन घसरतात. घशाचे स्नायू ढिले पडले की श्वासनलिका वेळेत झाकली जात नाही. वरणात बुडवलेली बट्टी तर आणखी वाईट, पातळ पुढे पळतं आणि तुकडा मागे राहतो. काहींना तर ठसकाच लागत नाही, अन्न गुपचूप फुप्फुसात उतरतं. लकव्यानंतरच्या पहिल्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांचं गिळणं बिघडलेलं असतं. कंपवात, स्मृतिभ्रंश, नुसतं खंगलेलं शरीर, यांतही तेच. आजी "माले भूक नही" म्हणते, तेव्हा ती भुकेबद्दल बोलते की ठसक्याच्या भीतीबद्दल, हे विचारलंत कधी?

2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्हा 42 लाखांचा, धुळे 20 लाखांचा, आणि राज्यात शंभरात दहा जण साठीपुढचे. हिशेब तुम्हीच करा.

"आपल्याकडे मशीन कुठे आहे?" असं विचारणाऱ्यांसाठी वेळ नाही. पहिल्या चाळणीला मशीन लागत नाही. माणसाला ताठ बसवा, तोंड ओलं करा, कंठावर बोट ठेवा आणि नुसती थुंकी गिळायला सांगा. 30 सेकंदांत तीनदाही गिळता आलं नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. ठसका, जेवणानंतर घरघरता आवाज, उतरतं वजन, वरचेवर ताप, यांतलं एक दिसलं तरी तेच करा. पाणी पाजून परीक्षा घरी घेऊ नका, ते काम प्रशिक्षित माणसाचं.

तोवर जेवण बसूनच, हनुवटी किंचित खाली, घास छोटा. जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. केळं कुस्करून द्या. आख्खं हातात दिलं की चिकट गोळा होतो. अन्न किती दाट ठेवायचं ते तज्ज्ञांना विचारा. कवळी रात्री काढून धुवा आणि तोंड स्वच्छ ठेवा. ही किरकोळ गोष्ट नव्हे. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षं केलेला अभ्यास 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये आला: जेवणानंतर ज्यांचे दात घासून दिले, त्यांच्यात न्यूमोनिया 11 टक्के, बाकीच्यांत 19.

सरकारचा वृद्ध आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे. मग जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांच्या ओपीडीत गिळण्याचा एक प्रश्न विचारायला कोणता जीआर हवा? आशाताईंनो, तिशीपुढच्यांचा तपासणी तक्ता भरायला घरी जाताच. पाणी पिताना ठसका लागतो का, एवढं विचारा. लकवा झालेल्याला घरी सोडण्याआधी गिळणं पाहिलं का, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना तोंडावर विचारायचं. लाजायचं नाही.

आमच्या संघातले निवृत्त शिक्षक आणि परिचारिका आजवर पदरच्या पैशाने गावोगाव फिरले आहेत, यापुढेही फिरतील. आम्हाला हार-तुरे नकोत. 1 ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठेवणाऱ्या प्रत्येक मंडळाने त्याच मांडवात एक खुर्ची आणि सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवावं. आणि आज रात्री, आपल्या घरातलं म्हातारं माणूस जेवायला बसेल तेव्हा, मोबाइल बाजूला ठेवून त्याच्या समोर बसा.