रुग्ण बिथरला, तर पोलीस कशासाठी?

बीड-परळी रस्त्यावरच्या वडवणीत किंवा तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर रात्री घरातला माणूस बिथरला, की नातेवाइकांना आधी आठवते ते पोलीस ठाणे. मानसोपचार विभाग गाठायचा तर बीड नाहीतर अंबाजोगाई. त्यामुळे नातेवाइकांना दोष देता येत नाही. पोलीस आल्यावर रुग्णाचे काय होते, हा खरा प्रश्न.

१९८७च्या कायद्यानुसार पोलीस अशा व्यक्तीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करीत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हा रस्ता रुग्णालयाकडे वळवला. मानसिक आजारामुळे भटकणाऱ्या, किंवा स्वतःला वा इतरांना धोका ठरणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचे, त्याचे कारण तिला सांगायचे आणि फार तर २४ तासांत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे, असे कलम १०० सांगते. कोठडीत ठेवायचे नाही, कोणत्याही परिस्थितीत.

यामागे वैद्यकीय कारणही आहे. रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडली, की दोन-तीन दिवसांनी हातपाय थरथरू लागतात, भास होतात, माणूस घाबरून अंगावर धावतो. ठाण्यात तो ‘पिऊन आलेला’ ठरतो; खरे तर दारू बंद झाल्यामुळे उद्भवलेला हा जिवावरचा आजार असतो. मेंदूज्वर, डोक्याला मार, रक्तातली साखर उतरणे, यांतही माणूस असाच बरळतो. कोठडीच्या गजांबाहेरून हे ओळखणार कसे?

डॉक्टरांनाही जाब विचारायला हवा. घरच्यांनी आणलेल्या रुग्णासाठी ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ म्हणायला या कायद्यात आधार नाही. जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णाचा प्रतिनिधी हजर असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. पत्र मागितले जाते ते बहुधा धास्तीपोटी. त्यापायी गावात रुग्णावर ‘पोलिसांनी नेलेला’ हा शिक्का बसतो, आणि पुढे तो औषधालाच नको म्हणतो.

हातात कोयता असेल तर पोलीस हवेतच. तिथे उपदेश चालत नाही. तेव्हाही शक्यतो साध्या वेशात, घरच्या माणसाला पुढे ठेवून, आणि १०८ची रुग्णवाहिका सोबत घेऊन. तसा धोका नसेल तर पहिला फोन १०८ला करावा. काय करावे हे विचारायला ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.