मतं आपली, मग कात्री कुणाच्या हातात?

फेस्ट संपल्यानंतरच्या रात्री कधी कॉलेजमध्ये थांबलायत? स्टेजमागचा फ्लेक्स अर्धा उतरवलेला असतो, कुणीतरी भिंतीवरच्या चिकटपट्ट्या खरवडत असतं आणि घसा बसलेले आठ-दहा जण पायऱ्यांवर बसून गार झालेला वडापाव खात असतात. यातल्या कुणालाही एक रुपया मिळालेला नसतो. झालंच तर स्वतःच्या खिशातले दोन-तीनशे गेलेले असतात. तरी पुढच्या वर्षी हीच मंडळी पुन्हा हजर! कारण सोपं आहे. फेस्ट ‘आपला’ असतो.

आता असाच एक फेस्ट डोळ्यांसमोर आणा, फक्त जगभरातल्या लोकांचा. त्याचं नाव वर्ल्डकॉन. विज्ञानकथांच्या चाहत्यांचं हे वार्षिक संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा भरलं, तेव्हा जेमतेम दोनशे लोक जमले होते. मिर्टल डग्लस नावाच्या चाहतीनं स्वतः शिवलेले भविष्यातले कपडे घालून ती आणि तिचा मित्र फॉरेस्ट अ‍ॅकरमन तिथे गेले. आज आपण ज्याला कॉस्प्ले म्हणतो, त्याची सुरुवात अनेक जण तिथूनच मानतात. दुसऱ्या महायुद्धातली १९४२ ते १९४५ ही चार वर्षं सोडली, तर हे संमेलन दरवर्षी भरतंय. २०२०मध्ये कोविड होता, तर ते ऑनलाइन भरलं.

यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट सांगते. वर्ल्डकॉनची कायमस्वरूपी कंपनी नाही, मालक नाही. दरवर्षी वेगळं शहर, वेगळी कमिटी. कुठलं शहर, तेसुद्धा सदस्य मतदान करून ठरवतात. अध्यक्षापासून दारावर बिल्ले तपासणाऱ्यापर्यंत सगळे बिनपगारी. तुम्ही तिकीट काढत नाही, सदस्य होता. सदस्य झालात की ह्यूगो पुरस्कारासाठी तुमचं मत. १९५३पासून दिला जाणारा हा पुरस्कार विज्ञानकथेच्या जगातला सर्वात मानाचा समजला जातो आणि तो कुठली तज्ज्ञ समिती देत नाही. तुमच्या-आमच्यासारखे वाचक देतात. प्रत्यक्ष जाणं परवडत नसेल तर साधारण ५० डॉलर भरून घरबसल्या मत देता येतं. आपल्यासाठी तेही कमी नाहीत, हे खरंच. पण दार उघडं आहे.

आता तुम्ही म्हणाल, लोकांच्या हातात सगळं आहे, मग प्रॉब्लेम कुठे आला?

२०२३चं वर्ल्डकॉन चीनमध्ये चेंगदूला झालं. तिथे पहिल्यांदाच. चिनी चाहत्यांनी मोठ्या संख्येनं मतदान करून ते आपल्या देशात खेचून आणलं होतं. त्यासाठी झाहा हदीद आर्किटेक्ट्सनं आरेखन केलेलं झगमगीत विज्ञानकथा संग्रहालय उभं राहिलं. पुरस्कार दिले गेले, फोटो झाले. तीन महिन्यांनी, जानेवारी २०२४मध्ये मतांची आकडेवारी जाहीर झाली आणि लोक चक्रावले. आर. एफ. कुआंग यांच्या ‘बेबेल’ या कादंबरीला नामांकनासाठी भरपूर मतं होती. त्याच वर्षी तिला नेब्युला पुरस्कारही मिळालेला. पण पुढे शेरा होता, ‘अपात्र’. कारण? दिलेलं नाही. शिरान जे झाओ आणि पॉल वाइमर या लेखकांची नावंही अशीच बाजूला काढलेली.

पुढच्याच महिन्यात कमिटीतले ईमेल बाहेर आले. त्यातून कळलं, की पुरस्काराचं काम पाहणाऱ्या काही पाश्चात्त्य स्वयंसेवकांनी लेखकांच्या फायलीच तयार केल्या होत्या. कोण चीनबद्दल काय बोललं, तैवानबद्दल काय लिहिलं, तिबेटला कोण गेलं होतं. गंमत म्हणजे, वाइमर तिबेटला गेल्याची नोंद होती आणि ते प्रत्यक्षात गेले होते नेपाळला! हसू येतं, पण याच फायलींवरून कुणाचं नाव राहणार आणि कुणाचं जाणार, ते ठरत होतं. अनेक चिनी साहित्यकृतीही यादीतून गाळल्या गेल्याचं पुढे आलं. म्हणजे ज्या चिनी वाचकांनी एवढा आटापिटा करून संमेलन घरी आणलं, त्यांचीच मतं वाया गेली.

यातला खरा बोचणारा भाग पुढे आहे. त्या ईमेलमध्ये ‘हे नाव काढा’ असा सरकारी हुकूम दिसत नाही. दिसते ती अंदाजानं केलेली छाननी. ‘यावरून कुणीतरी नाराज होईल’ असं वाटलं, म्हणून आधीच कात्री.

हे वाचताना मला कुणाला शिव्या घालाव्याशा वाटल्या नाहीत. मला माझं सेकंड इयर आठवलं.

कॉलेजच्या वार्षिकांकाच्या विद्यार्थी संपादक मंडळात मी होते. एका ज्युनिअर मुलीनं विज्ञानकथा पाठवली होती. २०६० साल, कॉलेजची अ‍ॅडमिशन एक यंत्र देतं आणि ते यंत्र मार्कांच्या आधी आडनाव वाचतं. कथा थोडी कच्ची होती, पण आलेल्या सगळ्यांत तीच लक्षात राहणारी होती. मीटिंगमध्ये मीच म्हटलं, ‘सरांना नाही आवडणार, उगाच वाद होईल.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांना कुणी विचारलंच नाही. त्या मुलीला मी सांगितलं, ‘अगं, जागा नव्हती.’ जागा होती. त्या पानावर आम्ही सूर्यास्ताचा फोटो लावला. पुढच्या वर्षी तिनं काहीच पाठवलं नाही.

म्हणून सांगते, सेन्सॉरशिप म्हटलं की आपल्याला मोठी खुर्ची आणि लाल पेन दिसतं. बहुतेक वेळा ती आपल्याच वयाच्या, चांगल्या मनाच्या, दमलेल्या व्हॉलंटिअरच्या हातून होते. त्याला फक्त कार्यक्रम नीट पार पाडायचा असतो.

उलट उदाहरण आपल्याच घरात आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं पाठवली होती. आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून अक्षरसुद्धा दुसऱ्याचं! पहिलं बक्षीस कथेला मिळालं, नावाला नाही. चेंगदूला नेमकं उलटं झालं. पुस्तक मिटलेलं राहिलं आणि माणूस तपासला गेला.

‘व्हॉलंटिअर आहेत बिचारे, चालायचंच’ असं म्हणणारे तिथेही होते. त्यांचं अगदीच चूक नाही. फुकट काम करणाऱ्याला फक्त शिव्याच मिळाल्या तर उद्या काम करायला कुणी उरणार नाही. पण बिनपगारी काम म्हणजे बिनहिशेबी काम नव्हे. आणि हे जमतं, हेही वर्ल्डकॉननंच दाखवलं. २०२४ला ग्लासगोच्या कमिटीनं कोण अपात्र ठरलं आणि का, ते अंतिम यादीबरोबरच जाहीर केलं. पुढे मतमोजणीत त्यांना ३७७ मतं संशयास्पद सापडली. एकूण मतांच्या जवळपास १० टक्के! काही मतदारांच्या आडनावांचं फक्त पहिलं अक्षर बदललेलं होतं आणि तेही एबीसीडीच्या क्रमानं. कमिटीनं ती मतं बाद केली आणि निकालाची वाट न बघता सगळं लोकांना सांगून टाकलं. २०२५ला सिअ‍ॅटलच्या कमिटीनं वक्त्यांची माहिती तपासायला चॅटजीपीटी वापरलं, लेखक भडकले, काही पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. तिथेही कमिटीला उघडपणे माफी मागावी लागली. चुका थांबल्या नाहीत. पण त्या झाकून राहिल्या नाहीत, कारण प्रश्न विचारणारे सदस्य जागे होते.

फेस्टचा सीझन येतोय. तुमच्यापैकी कुणी कमिटीत असेल, कुणी शॉर्टफिल्म पाठवेल, कुणी गुगल फॉर्मवर मत देईल. कमिटीत असाल तर तीन गोष्टी करा. नियम एंट्री मागवण्याआधी लावा. एखादी एंट्री काढली तर कारण लेखी द्या, एका ओळीचं का असेना. मतं किमान दोघांनी मोजा आणि आकडे नोटीस बोर्डवर लावा. ‘सरांना आवडणार नाही’ असं कुणी म्हटलं, तर उठा आणि सरांना विचारून या. नाही म्हणाले, तर तो नकार निदान त्यांच्या नावावर राहील.

आणि कमिटीत नसाल, तर निकालानंतर एकदा तरी विचारा, ‘किती मतं पडली?’ थोडं ऑकवर्ड होईल. होऊ दे.

त्या ज्युनिअर मुलीला मी गेल्या महिन्यात मेसेज केला, खरं काय झालं होतं ते सांगितलं. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं, ‘मला वाटलं, कथाच वाईट होती.’