कुबट पेंड गोठ्यात टाकू नका

मोबाइलचा टॉवर गावात नको, त्यानं कॅन्सर होतो, असे ठराव हल्ली आमच्याकडच्या ग्रामसभांत होतात. लोक तब्येतीची काळजी करतात, याचं मला बरं वाटतं. पण त्याच गावात सरकी पेंडीचं पोतं फोडल्यावर कुबट वास आला, तर कुणी ठराव करत नाही. पोतं गोठ्यात जातं आणि विषय संपतो. कंधार, मुखेड, उदगीर, देवणी या पट्ट्यात गुरांचा सरकारी डॉक्टर म्हणून माझी नोकरी झाली. लाल कंधारी आणि देवणी गाईंवर पोटच्या लेकरांसारखी माया करणारी माणसं मी पाहिली. त्याच माणसांच्या हातून हे होतं, म्हणून लिहावंसं वाटलं.

कुबट पेंडीचा मार बसतो तो यकृताला, म्हणजे आपल्या लिव्हरला. या यकृतानं कशाचं भय बाळगायचं हे प्रयोगशाळेतल्या मुक्या जिवांनी साठ वर्षांपूर्वीच दाखवून दिलंय. आधी किरणांचं बघू. टॉवरच्या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2011 मध्ये त्यांना ‘कदाचित’ कॅन्सर करणाऱ्यांच्या गटात टाकलं. खऱ्या किरणोत्सारानं यकृताचा कॅन्सर होतो, यात शंका नाही. एक्स-रेत रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून 1930 नंतर थोरोट्रास्ट नावाचं थोरियमचं द्रावण रुग्णांच्या शरीरात सोडत. ते यकृतात जाऊन बसे, जन्मभर आतून किरण सोडत राही, आणि वीस-तीस वर्षांनी गाठ निघे. पण बाहेरून एकदा किरण पडले म्हणून यकृत लगेच बिघडत नाही, कारण त्याच्या पेशी एरवी फारशा वाढत नाहीत. किरणांनी झालेला बिघाड पेशीत निजून राहतो. 1960 च्या दशकात अमेरिकेत संशोधकांनी उंदरांना किरण दिले आणि नंतर कार्बन टेट्राक्लोराइड देऊन त्यांचं यकृत जखमी केलं. जखम भरून काढायला पेशी भराभर वाढू लागल्या आणि निजलेला बिघाड गाठ होऊन वर आला. एक मार बसलेला असतो, दुसरा मार त्याला जागं करतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता पेंड. 1960 साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत लाखावर टर्की पक्षी मेले. आधी साथ वाटली. शोध लागला तेव्हा दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत. पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी होती आणि तिनं अफ्लाटॉक्सिन हे विष सोडलं होतं. तीच पेंड रॅट जातीच्या उंदरांना घातली, तर त्यांच्या यकृतात गाठी आल्या. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मत्स्यबीज केंद्रांत ट्राउट माशांना यकृताचा कॅन्सर होऊ लागला. तिथं माशांच्या खाद्यात होती सरकीची पेंड. नांदेडच्या कापूसपट्ट्यातल्या माणसानं हे वाक्य दोनदा वाचावं.

किती विष पुरतं? अमेरिकेत वोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये याचं उत्तर दिलं. खाद्यात शंभर कोटी भागांत 100 भाग अफ्लाटॉक्सिन होतं तेव्हा 28 पैकी 28 रॅट उंदरांना यकृताचा कॅन्सर झाला. 50 भागांना 25 पैकी 20. आणि 15 भागांना 21 पैकी 4. आपल्याकडे शेंगदाण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा याच 15 च्या घरात आहे.

उंदराला झालं म्हणून माणसाला होईल कशावरून, असं शेतकरी मला विचारत. प्रश्न रास्त आहे. छोटे माउस उंदीर हेच विष खाऊन बरेचसे तगतात, कारण त्यांच्या यकृतातली विकरं ते लवकर निकामी करतात. रॅटला ते जमत नाही. माणूस माउससारखा नशीबवान नाही. 1974 च्या पावसाळ्यानंतर गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळीनं भिजलेला मका आदिवासींनी खाल्ला. 397 जणांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं, त्यातले 106 गेले. घरातलं उष्टं खाणारी गावातली कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन शोधून काढलं. ते तडकाफडकीचं विष होतं. थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात गेलं की कॅन्सर होतो, हे आफ्रिका आणि चीनमधल्या रुग्णांवरून सिद्ध झालं. 1987 मध्ये हे विष ‘निश्चित’ कॅन्सर करणाऱ्यांच्या गटात गेलं. आणि इथंच तो दुसरा मार येतो. हिपॅटायटिस बीची लागण असलेल्या माणसाच्या शरीरात अफ्लाटॉक्सिन गेलं, तर धोका नुसता दुप्पट होत नाही, कित्येक पटींनी वाढतो. त्यात दारूनं पोखरलेलं यकृत असेल, तर सांगायलाच नको.

आपल्याकडे ही बुरशी येते कुठून? शेतातूनच. शेंग भरताना पावसानं ताण दिला, जमीन तापली, भेगाळली, की ती शेंगेत शिरते. मराठवाड्यात असा ताण कोणत्या वर्षी पडत नाही? पुढं काढणीला परतीचा पाऊस भिजवतो. मग शेंगा फोडायच्या मशीनला घालण्याआधी दाणा तुटू नये म्हणून त्यांवर पाणी मारतात आणि ओलाच दाणा पोत्यात भरतात. वरून गुलाबी, टपोरा दिसणारा दाणा नखानं दुभंगून बघा. दोन डाळिंब्यांच्या मधल्या पोकळीत कधी कधी पोपटी भुकटी सापडते. ती बुरशी. आणि कधी काहीच दिसत नाही, तरी विष असतं. पावसात काळी पडलेली हायब्रिड ज्वारी पाहून आपण नाक मुरडतो, पण तिच्यावरची बुरशी बहुतेक वेळा दुसऱ्या जातीची असते. रंगावरून निकाल लावता येत नाही.

डागी दाणा घाण्यात जातो, आणि तेल काढल्यावर विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो. मुखेड तालुक्यात एका घरी म्हैस खात नाही म्हणून गेलो होतो. गव्हाणीत पेंडीची ढेकळं होती. हातात घेतलं तर आत हिरवट जाळी. म्हातारी म्हणाली, “डॉक्टरसाहेब, कुबट मारायलंय म्हणून कोंबड्याबी टोच मारंनात, मग म्हशीला टाकलं.” शेजारच्या खोलीत तिचा नातू त्याच म्हशीचं दूध पीत होता. गाय-म्हैस हे विष खाते तेव्हा त्याचा साधारण 1 ते 3 टक्के भाग एम1 या रूपात दुधात उतरतो, आणि दूध कितीही उकळलं तरी जात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यांतल्या 368 नमुन्यांत एम1 मर्यादेपेक्षा जास्त होतं. दुधात भेसळ किती, यावर आपण तावातावानं बोलतो. या आकड्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही. हमीभाव केंद्रावर सोयाबीनचा ओलावा मोजतात, 12 टक्क्यांच्या वर गेला की माल नाकारतात. म्हणजे यंत्र ठेवता येतं, माणूस बसवता येतो, नियम पाळता येतो. मग लातूरच्या आणि नांदेडच्या बाजार समितीत शेंगदाणा अन् पेंडीसाठी अफ्लाटॉक्सिनची तपासणी का नसावी? आपल्या शेजारी, हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटनं स्वस्त तपासणी संच केव्हाच तयार केलाय. तयार पशुखाद्याला 20 भागांची मर्यादा आहे, मात्र गावोगाव सुटी विकली जाणारी पेंड कुणी तपासत नाही. पशुसंवर्धन खात्यानं आणि बाजार समित्यांनी येत्या हंगामाआधी एवढं एक काम करावं.

आणि पशुपालकांना माझं सांगणं आहे. शेंगा चांगल्या वाळवा, मशीनला घालताना पाणी मारू नका. आकसलेले, फुटके, काळपट दाणे निवडून काढा, कारण विषाचा बराच भाग त्यांतच असतो. ते दाणे तेलाला देऊ नका, गुरांना तर नाहीच. कुबट पेंड फुकट मिळाली तरी घेऊ नका. लेकराला हिपॅटायटिस बीची लस टोचून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.