गिटारीचें उजवेपण

डाव्या हातावर अन्याय करण्याची संवय आपल्या भाषेसही आहे. मुलीचें लग्न झालें कीं ती ‘उजवली’, अपत्य झालें कीं कूस ‘उजवली’. आणि जें कांहीं कमी प्रतीचें, तें ‘डावें’. हा पक्षपात शब्दांपुरताच राहता तर त्याविषयीं लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. परंतु तोच पक्षपात शास्त्राचा वेष घेऊन डावखुऱ्या मुलास वाद्यापासून दूर लोटूं लागतो, तेव्हां त्यास उत्तर देणें प्राप्त होतें. दहा माणसांत सुमारें एक डावखुरें असतें, आणि विजेची गिटार आतां आपल्या घरांतून शिरली आहे. तेव्हां हा प्रश्न पुष्कळ आईबापांपुढें येणार हें उघड आहे. त्यांस मिळणारा सल्ला बहुधा एकच: मूल डावखुरें असलें तरी त्याला इतरांसारखीच गिटार शिकवा. आमच्या मतें हा सल्ला चुकीचा आहे, आणि ज्या कारणांवर तो उभा केला जातो तीं कारणेंही टिकणारीं नाहींत.

पहिलें कारण असें सांगतात कीं, गिटारीस दोन्ही हात लागतात. किंबहुना तारा दाबण्याचें नाजूक काम डाव्या हाताकडे असल्यामुळें डावखुऱ्याचा त्यांत फायदाच आहे. हें खरें असतें, तर उजव्या हाताच्या बहुसंख्य वादकांनीं आपलीं वाद्यें केव्हांच फिरवून घेतलीं असतीं. फायद्याची बाजू अल्पसंख्याकांस बहाल करून स्वस्थ बसण्याइतकें औदार्य बहुसंख्याकांत सहसा आढळत नाहीं. वस्तुतः कोणता स्वर निघावा हें दाबणारीं बोटें ठरवितात. तो केव्हां आणि किती जोरानें निघावा हें छेडणारा हात ठरवितो. लय त्या हातांत असते; आणि ज्या हातानें मनुष्य लिहितो व चेंडू फेंकतो, त्याच हातावर तो लयीचा भार टाकूं पाहतो.

दुसरें कारण पियानोचें. पियानो डावखुऱ्यांसाठीं निराळा करीत नाहींत, मग गिटारच कां, असें विचारतात. परंतु पियानोवर दोन्ही हात पट्ट्या दाबण्याचें एकाच जातीचें काम करतात. गिटारीवर दोन हातांचे धंदेच निराळे. व्हायोलिनचें उदाहरण अधिक जवळचें आहे. तिच्या पोटांत खर्जाच्या बाजूस एक पट्टी व दुसऱ्या बाजूस एक खुंटी असते, म्हणून बाजू बदलावयाची तर पोट उघडावें लागतें. तरीसुद्धां चार्ली चॅप्लिन अशी फिरवून घेतलेली व्हायोलिन वाजवीत असे. १९५४ सालीं निघालेल्या फेंडर स्ट्रॅटोकॅस्टरसारख्या गिटारीचें धड तर भरीव लाकडाचें. तिच्या पोटांत उजवें-डावें असें कांहींच नाहीं.

मग तिचें उजवेपण आहे तरी कोठें? मुख्यतः मानेच्या टोकावरील नट नांवाच्या, दीड इंचाहून थोड्या अधिक लांबीच्या पट्टींत. तिच्या सहा खांचा सहा तारांच्या जाडीप्रमाणें कापलेल्या असतात. नेहमींच्या एका संचांत सर्वांत जाड तार ०.०४६ इंच, तर सर्वांत बारीक ०.०१० इंच असते. नुसत्या तारा उलट्या क्रमानें चढविल्या, तर जाड तार अरुंद खांचेंत बसत नाहीं व बारीक तार रुंद खांचेंत सरकते आणि खडखडते. हें अर्धवट काम करून ‘पहा, असल्या गिटारी वाजतच नाहींत’ म्हणणें म्हणजे जोडे उलटसुलट घालून रस्त्यास दोष देण्यासारखें आहे. नट नवा कापून बसवावा. मग घोडीवरील प्रत्येक तारेचा आधार मागेंपुढें सरकवून बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट उंचीचा येईल असें पाहावें. आणि पट्ट्याची गुंडी दुसऱ्या शिंगावर हलवावी. हें काम जाणत्या कारागिराच्या आंवाक्यांतलें आहे.

कांहीं अडचणी उरतात, हें लपविण्याचें कारण नाहीं. आवाजाचे खटके कोपराखालीं येतात; खोल कापलेली बाजू वर गेल्यामुळें शेवटच्या पडद्यांपर्यंत हात पोंचण्यास त्रास पडतो. स्ट्रॅटोकॅस्टरमध्यें घोडीजवळचा तिरपा पिकअप उलटा होऊन जाड तारांचा आवाज तीक्ष्ण व बारीक तारांचा सौम्य होतो. परंतु जिमी हेंड्रिक्सनें १९६९ सालीं वुडस्टॉक येथें जी गिटार वाजविली, ती अशीच उलटी धरून तारा फिरविलेली उजवी स्ट्रॅटोकॅस्टर होती. आल्बर्ट किंग व एलिझाबेथ कॉटन यांनीं तर तारांचा क्रमही न बदलतां वाद्य उलटें धरलें. कॉटनबाई आंगठ्यानें चाल व बोटांनीं खर्ज वाजवीत, आणि त्यांतून त्यांची स्वतंत्र शैली निघाली.

उलट पक्षीं, मार्क नॉफ्लर हा डावखुरा असून उजव्या पद्धतीनें वाजवितो, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्या मुलास तें सहज जमतें त्यानें तसें खुशाल करावें; त्याला दुकानांत वाद्यांची निवड मोठी मिळेल, मित्राची गिटारही हातांत घेतां येईल. आमची तक्रार सक्तीविरुद्ध आहे. मुलास वाद्य न सांगतां हातीं द्यावें, तें कोणत्या बाजूनें धरतें व कोणत्या हातानें ताल धरतें हें पाहावें, आणि मग ठरवावें. पहिल्या कांहीं महिन्यांत हात अडखळूं लागला कीं मूल स्वतःस मंद समजूं लागतें व वाद्य कोपऱ्यांत जाऊन पडतें. नवा नट बसविण्याचा खर्च त्या नुकसानीपुढें अगदींच क्षुल्लक आहे.